पॅसेंजर येईपर्यंत

दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा चौतीस वर्षांचा धंदा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. लाल पेन हातात आलं की समोर पहिलीतलं पोर असो नाहीतर सरपंच, मला फरक पडत नसे. निवृत्त झाले तेव्हा पेन सुटलं, सवय काही सुटली नाही. आमच्या कोरीट गावातल्या बाया अजून मला लग्नपत्रिका हातात देत नाहीत, नुसती तारीख तोंडी सांगून जातात, कारण छापलेल्या चुका मी त्यांच्या दारातच मोठ्यानं वाचते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात सगळ्यांत मोठी चूक माझीच निघाली.

माझ्या यजमानांचं नाव हिंमतराव. या वयात नाव घ्यायला कसली लाज! रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे सांधे बदलायचे, गाडीला झेंडी दाखवायची. बरीचशी नोकरी खांडबारा स्टेशनात गेली. अशा माणसाच्या घरात ढोलकी सापडली तर कुणी काही म्हणणार नाही. पेटी सापडली तर भजनी मंडळातला आहे म्हणतील. आमच्या घरात खुंटीला गिटार होती. तीही सिनेमातला हिरो उड्या मारत वाजवतो तसली नव्हे. बसून, मांडीवर घेऊन, बोटांनी एकेक तार छेडायची, नायलॉनच्या तारांची. आणि त्या गिटारवर हिंमतरावांना एकच धून येत होती. एकच! पस्तीस वर्षांत दुसरी शिकले नाहीत. जेमतेम अडीच मिनिटांची, आणि इतकी उदास की घरी आलेला पाहुणा ऐकून मला हळूच विचारायचा, सगळं ठीक आहे ना म्हणून.

ती धून डिक्रूझ साहेबांची. हे खांडबाऱ्याचे तेव्हाचे स्टेशनमास्तर, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेले. त्यांची बायको आणि मुलगी ऑस्ट्रेलियाला नातेवाइकांकडे निघून गेल्या होत्या, आणि पेन्शनला दोन वर्षं उरली म्हणून साहेब एकटेच मागं थांबले होते. लाईन त्या काळी एकेरी होती. शेजारच्या स्टेशनातून गाडी सुटल्याची घंटी वाजली की ती इथं पोचेपर्यंत साहेबांना दहा-बारा मिनिटं काही काम नसे. त्या मोकळ्या वेळात त्यांनी ही धून बसवली. हिंमतराव झेंडी काखेत धरून बघत उभे राहायचे, बघून बघूनच शिकले. साहेब त्यांना म्हणायचे, "हिम्मत, ये अकेले आदमी का बाजा है. इसमें दूसरा कोई नहीं लगता." जाताना गिटार यांच्या हातात देऊन गेले. पुढं कधीतरी परदेशातच वारले. कागदावर त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं.

मी त्या वेळी खांडबाऱ्यात नव्हतेच. माझी नेमणूक धडगाव तालुक्यात, डोंगरातल्या एका शाळेवर. सात वर्षं काढली तिथं. शनिवारी अर्धी शाळा सुटली की खचाखच भरलेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबायचं, चांदसैलीचा घाट उतरायचा, नंदुरबारला यायचं आणि संध्याकाळची पॅसेंजर धरून खांडबाऱ्याला उतरायचं. रविवारी दुपारी परत तोच रस्ता उलटा. घाटात दरड आली, जीप बंद पडली, शाळेवर कुणी तपासणीला टपकलं, की तो शनिवार गेला. फोन कुठले असायला? मी येणार नाही हे यांना कळायची एकच सोय होती. पॅसेंजर यायची आणि तिच्यातून मी उतरायची नाही.

डिक्रूझ साहेबांच्या हातून ती धून मी एकदाच ऐकली, क्वार्टरच्या ओट्यावर. पण शेवट माझ्या लक्षात पक्का राहिला. कंदिलाची वात हळूहळू खाली करावी तसे सूर बारीक होत गेले आणि संपले. मधे कुठं खंड नाही, अडखळणं नाही.

पुढं माझी बदली सपाटीवर झाली. आम्ही एका घरात राहायला लागलो, काजलचा जन्म झाला, आणि हिंमतराव रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आले की ती धून वाजवू लागले. आणि रोज एकाच जागी चुकू लागले. शेवट जवळ आला की हात थांबायचा. एक श्वास, दोन श्वास, तीन श्वास. मी आत भाकरी थापत असायची. माझ्यासारखीला हे सहन होतं होय? मी तिथूनच ओरडायची, "परत तठेच चुकनात!" परत तिथंच चुकलात. ते हसायचे, उठायचे आणि गिटार खुंटीला लावायचे. मला वाटायचं, खजील होऊन हसतात बिचारे.

हे असं तीस वर्षं चाललं.

गेल्या दिवाळीनंतर हिंमतरावांना पक्षाघात झाला. सकाळी ओट्यावर दात घासत होते, तांब्या हातातून पडला आणि पाठोपाठ तेही. जीव वाचला. डावा हात गेला, पाय अर्धा आला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, असा झटका पुन्हा येऊ शकतो, सांभाळा. मी विचारलं, हात? त्यांनी खांद्याला मालिश करायला सांगितलं आणि पुढचा पेशंट बोलावला. मला जे समजायचं ते समजलं.

बोलता येत असूनही हिंमतराव बोलेनासे झाले. खुर्चीत बसायचे आणि खुंटीकडं बघायचे. मी चिडायचे, रेडिओ लावायचे, गावातल्या भानगडी सांगायचे. ते "हं" म्हणायचे. आमच्या घरात एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

एक दिवस काजलनं नाशिकहून फोनवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. लग्नाआधी तिनं गुपचूप करून ठेवलेलं, बापाची धून. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलू लागली. शेवट जवळ आला, धून थांबली, आणि त्यातून माझाच आवाज आला, कुकरच्या शिट्टीसकट, "परत तठेच चुकनात!" मग त्यांचं हसू. मग काही नाही.

मी परत लावलं. परत तेच. या जगात त्या धुनेची एकच प्रत होती आणि तिच्या शेवटावर मी शाईची दौत सांडावी तशी सांडलेली होते. मला पहिल्यांदाच प्रश्न पडला. थांबल्यानंतर पुढं काय होतं? काहीतरी असणार. विसरलेला माणूस रोज त्याच जागी विसरतो का?

"पुढे काय शे?" मी विचारलं. "तुम्हीन थांबतस, त्याना पुढे?"

हिंमतरावांनी माझ्याकडं बघितलं. बऱ्याच दिवसांनी नीट बघितलं. म्हणाले, "गिटार दे."

झालं. मी कामाला लागले. ही धून त्यांच्या बोटांतच होती, बोटांपैकी पाच गेली होती आणि उरलेल्यांचा भरवसा डॉक्टर देत नव्हता. तीही जायच्या आत शेवट बाहेर यायला हवा होता. मी गिटार खुंटीवरून काढली, पुसली. तीन तारा जाड, वेटोळ्या तारेच्या, काळ्या पडलेल्या. आणि तीन नुसत्या पांढऱ्या नायलॉनच्या, कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या. मनात म्हटलं, पस्तीस वर्षं या माणसानं असल्या दोऱ्यांवर काढली! मला आमच्या गावातली एकतारी माहीत, तंबोरा माहीत. तार म्हणजे तार. यांना चकित करून टाकू, असं ठरवून मी त्यांना न विचारता गिटार चादरीत गुंडाळून नंदुरबारला नेली.

बाजारात मिरची वाळत होती, दुकानापर्यंत शिंकत गेले. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "मॅडम, याला बहुतेक वेगळ्या तारा असतात, माझ्याकडं नाहीत. मागवू का?" मी म्हटलं, "ह्या चकचकीत पोलादाच्या आहेत ना? ह्याच लावा. आणि घट्ट लावा." त्यानं लावल्या. शिक्षिकेशी वाद घालायची त्याला लहानपणापासून सवय नसावी.

घरी आणून गिटार पलंगावर ठेवली. हिंमतराव झोपलेले होते. उठले की दाखवू म्हटलं, घरातली चार कामं उरकली आणि मी जेवायला बसले. दुसरा घास घेतला असेल, आतून खाड्कन आवाज आला. पलंगाची फळी मोडली असं वाटून धावले. तारा बांधायची लाकडी घोडी गिटारच्या पोटावरून उखडून निघाली होती, खालच्या लाकडाचा पापुद्रा घेऊन. पोलादाचा ताण त्या नाजूक लाकडाला पेलला नव्हता.

हिंमतराव पलंगावर टेकून बसले होते. त्यांनी आधी गिटारकडं बघितलं, मग माझ्याकडं. डोळ्यांत पाणी होतं. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"माले इचारं का तू?" एवढंच म्हणाले. मला विचारलंस का?

नव्हतं विचारलं. तीस-पस्तीस वर्षांत कधीच काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. त्या दिवशी मी ताट तसंच झाकून ठेवलं.

चुनीलाल मिस्तरी आमच्या गल्लीतला सुतार, लग्नाचे पलंग आणि बैलगाड्यांची चाकं करत म्हातारा झालेला. त्यानं पापुद्रा नखानं बसवून बघितला, फुंकर मारली, आणि सरस लावून घोडी शिकंज्यात आवळून ठेवली. "चार दिन हात लावू नका बाई," म्हणाला, आणि माझ्याकडं बघून परत म्हणाला, "हातच लावू नका." माझी कीर्ती त्याच्यापर्यंत गेलेलीच होती.

आता तारा. दुकानदारानं काढलेल्या जुन्या तारा मी परत आणल्या होत्या, फेकत मी काहीच नाही. तिन्ही जाड तारा बिस्किटांच्या डब्यात सुखरूप निघाल्या. पण नायलॉनच्या तीन? एकीनं त्याच संध्याकाळी लोणच्याच्या बरणीचं फडकं बांधलं होतं. दुसरीवर कॅलेंडर लटकत होतं. तिसरीचे चार तुकडे करून मी दारातला काकडीचा वेल बांधला होता. मी एकेक सोडून आणली आणि हिंमतरावांपुढं ठेवली. त्यांनी बरणीच्या दोरीचा वास घेतला. आजारपणानंतर ते पहिल्यांदा हसले, तोंडाच्या एकाच बाजूनं.

गाठी पडलेल्या त्या तारा आता कामाच्या नव्हत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तापीवर गेले. धुडकू तिथं गळ टाकून बसतो, त्याची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेलेली. मी त्याला गळाच्या नायलॉनच्या दोऱ्या दाखवायला सांगितल्या, बारीक, मध्यम आणि जाड, तिन्ही.

"बाई, तुम्हीन कव्हयपासून मासा धराले लागनात?" त्यानं विचारलं.

"घरमा एक शे," मी म्हटलं. "गळले लागी नही ऱ्हायना."

तो हसून हसून बेजार झाला. दोऱ्या मात्र त्यानं जीव लावून निवडल्या, दातात धरून ओढून बघितल्या, आणि वर एक वावभर, दोन्ही हात पसरून मोजलेली, जादा दिली.

दोऱ्या बघून हिंमतराव म्हणाले, "सायेबनी बी आशीच लायेल व्हती. एक डाव." साहेबांनीही एकदा अशीच लावली होती म्हणे, पावसाळ्यात तार तुटली तेव्हा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मंग पहिलेच सांगतात ना!" पण लगेच आठवलं, मी विचारलंच नव्हतं.

चुनीलालनं गिटार सोडली. हिंमतराव सांगतील तशा मी खुंट्या पिळल्या. "आनखी. आनखी. बस. उतार." दोरी ताणली जायची, परत सैल पडायची. दोन दिवस आम्ही तेच केलं. तिसऱ्या दिवशी दोऱ्या आपल्या जागी थांबल्या. त्यांनी उजव्या हातानं सहाही तारा एकदा छेडल्या, घरभर मऊसा आवाज झाला, आणि मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

डावा हात गिटारच्या मानेवर मी उचलून ठेवला. तो घसरून खाली आला. परत ठेवला. परत आला. तारा छेडायला उजवा हात होता, पण सूर बनवायला तारा दाबणारा डावा हात लागतो, हे मला तेव्हा कळलं. हिंमतराव त्या हाताकडं बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखे.

मी स्टूल ओढलं आणि त्यांच्या डाव्या बाजूला, जरा मागं सरकून बसले. त्यांचा निजलेला हात माझ्या मांडीवर घेतला आणि माझा डावा हात गिटारच्या मानेखालून घातला.

"सांगा," म्हटलं. "कोठे दाबू?"

"तुले जमाव नही."

"हातवर भाकरी थापानं बी जमत नव्हतं. सांगा."

असा आमचा वर्ग सुरू झाला. मानेवर धातूच्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधल्या जागेला ते घर म्हणत. "दुसरी तार, तिसरं घर. दाब. जोरमा." मी दाबायचे, ते छेडायचे, आणि आवाज यायचा तो फुटक्या मडक्याचा. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या, धुणं धुताना झोंबायच्या. लाल पेन आता त्यांच्या हातात होतं. "चुकनी," म्हणायचे. "परत." आणि मी, जिला आयुष्यात कुणी चुकलीस म्हटलेलं खपलं नाही, ती निमूट परत दाबायची. एक गोष्ट मात्र माझ्याकडं होती. कुठला सूर कुठं यायचा ते मला त्यांनी सांगायच्या आधीच कळायचं. तीस वर्षं पीठ मळताना ऐकलं होतं. हाताला ठाऊक नव्हतं, पण कानाला सगळं पाठ होतं.

दिवसाला एखादी ओळ. संक्रांत गेली, शिवरात्र गेली. हिंमतराव बोलायला लागले होते, मुख्यतः मला रागवायला. होळीच्या सुमारास आम्ही पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटाकडं निघालो. अडीच मिनिटांच्या धुनेला आम्हाला पाच लागली, पण निघालो. शेवट जवळ आला. ती थांबायची जागा आली. 

ते थांबलेच नाहीत. सरळ पुढं गेले, माझ्या बोटांना सांगत गेले, सूर बारीक होत गेले आणि संपले, कंदिलाची वात खाली करावी तसे. डिक्रूझ साहेबांचा शेवट. मी ज्याला बरोबर म्हणत आले तोच.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"तुम्हीन थांबनात नही," मी म्हटलं.

"ते चूक शे ना."

"कोन सांगं?"

"तूच."

 त्यांना दम लागला होता. मी गिटार बाजूला ठेवली, चहा केला. कप त्यांच्या उजव्या हातात दिला आणि यावेळी नीट विचारलं. सांगितलं नाही, विचारलं. त्या थांबण्याच्या पुढं काय आहे?

जड जिभेनं, मधे मधे चहाचा घोट घेत त्यांनी जे सांगितलं ते एवढंच. साहेबांच्या धुनेत थांबणं नव्हतंच. ते यांनी घातलं. मी धडगावला होते तेव्हा. शनिवारी संध्याकाळी घंटी वाजली की हे ओट्यावर बसून धून सुरू करायचे, आणि गाडी सिग्नलशी दिसली की हात थांबवून प्लॅटफॉर्मवर जायचे. झेंडी दाखवायची, आणि बायकांचा डबा समोर येईपर्यंत बघायचं. थांबणं म्हणजे ते. मी उतरले नाही, तर गाडी गेल्यावर परत येऊन साहेबांचा शेवट वाजवायचा. आणि मी उतरले, तर दुसरा. तो त्यांनी स्वतः बसवला होता, आठ-दहा सुरांचा, पण मी उतरले की तो वाजवायचा राहूनच जायचा.

"मंग आपला घरमा मी रोज थांबू," ते म्हणाले. "अन तू आतून आवाज देस." कप खाली ठेवून म्हणाले, "तू उनी. मंग आनखी काय वाजाडानं?"

मी थांबायचो, तू आतून आवाज द्यायचीस. तू आलीस, मग आणखी काय वाजवायचं. मी ओरडायची ती त्यांना चूक दाखवल्यासारखी वाटतच नव्हती. गाडी आली आणि मी उतरले, एवढंच ते ऐकत होते. रोज. आणि हसून गिटार ठेवून देत होते.

मला रडू आलं. लपवलं नाही. आणि संतापही आला, खरं सांगते, तीस वर्षं एका शब्दानं बोलले नाहीत म्हणून. आमच्यात बायकोला असलं काही सांगायची पद्धत नव्हती, हे मला कळत होतं. तरी आला. "आते कसाले साहेबना शेवट वाजाडनात?" मी विचारलं. "मी आठेच बशेल शे ना? तुमना बाजूले?" इथंच, तुमच्या शेजारी.

 त्यांचा डावा हात हातात घेऊन मी जोरात दाबला. त्यांना ते जाणवलं की नाही, मला माहीत नाही.

दुसरा शेवट शिकायला महिना गेला. त्यात एका ठिकाणी करंगळी लांब न्यावी लागते, पाचव्या घरापर्यंत. माझी करंगळी जन्मात कशाला उपयोगी पडली नव्हती. मी पोळपाटावर, टेबलावर, एसटीच्या दांडीवर तिला ताणत बसायची. फुलवंताबाई शेजारीण विचारायची, बोट मुरगळलं का.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काजल माहेरी आली. दुपारी पितरांची घागर पुजली, सांजोऱ्यांचं जेवण झालं, गल्लीत पोरीबाळी झोक्यावर होत्या. काजलनं फोन धान्याच्या कोठीवर टेकवून ठेवला आणि म्हणाली, "मम्मी, यावेळी मधे काही बोलू नकोस हं. तुझ्यामुळं मागचं वाया गेलं." मी म्हटलं, एक शब्द नाही बोलणार. मान हलवून वचन दिलं.

आम्ही बसलो. ते खुर्चीत, मी स्टुलावर, त्यांचा हात माझ्या मांडीवर. धून सुरू झाली. सावकाश, पण आता मडकं फुटत नव्हतं. धुडकूच्या दोऱ्या छान बोलत होत्या. झोक्यावरच्या पोरींचा आवाज खिडकीतून येत होता, तो येऊ दिला. शेवट जवळ आला. आणि ते थांबले.

मी बोटं नव्या शेवटाच्या पहिल्या घरांवर ठेवून तयार होते. एक श्वास. दोन. तीन. ते छेडेनात. चार. पाच. काजल आमच्याकडं बघू लागली. तिला वाटलं, पप्पा विसरले. मला झटका आठवला. डॉक्टर म्हणाले होते ना, पुन्हा येऊ शकतो. मी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.

ते माझ्याकडंच बघत होते. अगदी ठीक होते.

"आवाज दे ना," म्हणाले.

काजलला दिलेलं वचन मी मोडलं. त्यांच्यापासून वीतभर अंतरावर बसून, स्वयंपाकघरातून ओरडायची तेवढ्यानं नाही, पण ऐकू जाईल असं मी म्हटलं, "परत तठेच चुकनात."

ते हसले, आणि पुढचं वाजवायला लागले. आठ-दहाच सूर होते. हातात पिशवी घेऊन कुणीतरी भरभर चालत जवळ यावं तसे वर चढत गेले. माझी करंगळी पाचव्या घरात जरा उशिरा पोचली. मला कळलं, त्यांनाही कळलं.

"परत घेऊ का?" काजलनं विचारलं.

हिंमतरावांनी मान हलवली. नको म्हणाले.